संतांचे आणि आपल्या दिवंगतांचे स्मरण कसे करावे: इंदूरमधील मराठी कॅथलिक कुटुंबांसाठी

इंदूरमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कॅथलिक कुटुंबांपुढे नोव्हेंबर जवळ आला की काही प्रश्न दरवर्षी उभे राहतात. आजी-आजोबांच्या कबरी वसईला, नाशिकला किंवा नगर जिल्ह्यातल्या एखाद्या गावात असतात. इथल्या चर्चमधील मिस्सा, म्हणजे आपली मुख्य उपासना, हिंदीत किंवा इंग्रजीत होते. आणि ज्या घरांत आंतरधर्मीय विवाह झाले आहेत, तिथे सासरच्या किंवा माहेरच्या मंडळींनी थोड्याच दिवसांपूर्वी पितृपक्षातील श्राद्ध केलेले असते. अशा वेळी आपल्या श्रद्धेनुसार काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि काय टाळावे, हे पूर्वी घरातील वडीलधारे सांगत असत. ते आता दूर राहिले आहेत किंवा आपल्यातून निघून गेले आहेत, म्हणून त्यांच्याकडून जे कळायला हवे होते ते येथे लिहून ठेवत आहे.

प्रथम एक भेद मनात पक्का करावा. संतांना आपण आपल्यासाठी प्रार्थना करण्याची विनंती करतो, तर दिवंगतांसाठी आपण स्वतः प्रार्थना करतो. आराधना केवळ परमेश्वराची. पवित्र मारियेचा आणि संतांचा आपण सन्मान करतो, आराधना नव्हे. दिवंगत आप्त मात्र आपल्या प्रार्थनेची वाट पाहत असू शकतात. ‘आई आता स्वर्गातच आहे’ असे आपण प्रेमाने म्हणतो आणि त्या म्हणण्यात आशा असते, पण तेवढ्यावर समाधान मानून तिच्यासाठी प्रार्थना करणेच थांबवले, तर ज्या एका गोष्टीने आपण तिला अजूनही मदत करू शकतो तीच आपण हातची सोडतो. मला ही आपल्या घरांतील सर्वांत मोठी उणीव वाटते, कारण फोटोला हार घालायला आपण विसरत नाही, पण मिस्सेचा हेतू, म्हणजे ती कोणासाठी अर्पण करायची ते, नोंदवायला विसरतो.

ख्रिस्तसभेची शिकवण अशी आहे की जे देवाच्या कृपेत मरण पावतात परंतु अद्याप पूर्णपणे शुद्ध झालेले नसतात, त्यांचे तारण निश्चित असते, मात्र स्वर्गीय आनंदात प्रवेश करण्यापूर्वी त्यांचे शुद्धीकरण होते. यालाच आपण शुद्धिस्थान म्हणतो. 1439 मधील फ्लॉरेन्सच्या आणि 1563 मध्ये संपलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ही शिकवण स्पष्ट शब्दांत मांडली, पण तिचे मूळ त्याहून पुष्कळ जुने आहे. मक्काबी ग्रंथाच्या दुसऱ्या पुस्तकातील बाराव्या अध्यायात यहूदा मक्काबी रणात पडलेल्या आपल्या सैनिकांच्या पापक्षालनासाठी चांदीची नाणी गोळा करून यरुशलेमला अर्पणासाठी पाठवतो. घरात असलेले मराठी बायबल प्रॉटेस्टंट आवृत्तीचे असेल तर त्यात हे पुस्तक सापडणार नाही. त्यासाठी कॅथलिक आवृत्ती घ्यावी. संत मोनिका 387 मध्ये रोमजवळच्या ओस्तिया बंदरात मरणोन्मुख असताना तिने मुलांना सांगितले की माझा देह कुठेही पुरा, त्याची चिंता करू नका, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझे स्मरण ठेवा. आपल्या माणसांना गावापासून शेकडो किलोमीटर दूर राहून आठवणाऱ्यांनी हे मागणे जवळ ठेवावे.

संतांचे दिवस घरात कसे पाळावेत

संताचा सण बहुतेक वेळा त्याच्या मृत्यूच्या तारखेला किंवा तिच्या आसपास येतो, कारण तो त्याचा स्वर्गातील जन्मदिवस मानला जातो. दुसऱ्या शतकात स्मुर्णा येथील ख्रिस्ती मंडळी आपल्या हुतात्मा झालेल्या बिशपांच्या, म्हणजे संत पॉलिकार्प यांच्या, अस्थी ठेवलेल्या जागी याच भावनेने दरवर्षी एकत्र जमत असत. पुण्यतिथी पाळणाऱ्या मराठी मनाला ही रीत समजायला वेळ लागत नाही.

सुरुवात घरातील प्रत्येकाच्या बाप्तिस्म्याच्या नावापासून करावी. आपल्याकडे हाक मारण्याचे नाव सुनीता किंवा संजय असते आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर वेगळे नाव असते; मुलांना तर ते अनेकदा ठाऊकही नसते. दाखले बाहेर काढून पाहावेत, त्या संताचा सण कोणत्या तारखेला येतो ते चर्चच्या दिनदर्शिकेत शोधावे आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या चौकटीत नाव लिहावे. त्या दिवशी संध्याकाळी संताच्या जीवनातील एखादा प्रसंग मोठ्याने वाचावा, त्याच्या मध्यस्थीची विनंती करावी आणि शक्य असल्यास मिस्सेला जावे. एवढे पुरेसे आहे. बारा महिन्यांत पन्नास सण पाळायचे ठरवले तर एकही नीट पाळला जात नाही, म्हणून आपल्या कुटुंबाशी नाते असलेले पाच-सहा संत निवडावेत.

निवड करताना आपल्या मातीतले संत विसरू नयेत. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया 5 फेब्रुवारी 1597 रोजी जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले आणि 1862 मध्ये त्यांना संतपद मिळाले. नागासाकीच्या हुतात्म्यांचा सण 6 फेब्रुवारीला असतो. संत थॉमस यांचा सण 3 जुलैला, संत अल्फोन्सा यांचा 28 जुलैला, कोलकात्याच्या संत तेरेसा यांचा 5 सप्टेंबरला आणि संत फ्रान्सिस झेवियर यांचा 3 डिसेंबरला येतो.

इंदूरकरांसाठी मात्र एक नाव अगदी जवळचे आहे, आणि आपल्या मराठी घरांत ते पुरेसे घेतले जात नाही याची मला खंत वाटते. सिस्टर राणी मारिया केरळमधून येऊन फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाची धर्मभगिनी म्हणून देवास जिल्ह्यातील उदयनगर भागात काम करत होत्या. सावकारी कर्जात अडकलेल्या गरीब आदिवासींना त्यांनी संघटित केले, आणि त्यामुळे काहींचे हितसंबंध दुखावले. 25 फेब्रुवारी 1995 रोजी उदयनगरहून इंदूरकडे येणाऱ्या बसमधून त्या प्रवास करत असताना त्यांच्यावर चाकूचे वार करून त्यांना ठार मारण्यात आले. तेव्हा त्यांचे वय 41 वर्षांचे होते. त्यांची सख्खी धाकटी बहीण, जी स्वतःही धर्मभगिनी आहे, 2002 मध्ये तुरुंगात गेली आणि तिने मारेकऱ्याला राखी बांधून भाऊ मानले. कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठीही प्रयत्न केले. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरमध्येच राणी मारिया यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले. त्यांची समाधी उदयनगरच्या चर्चमध्ये आहे.

धन्यवादित आणि संत यांतील फरकही येथे लक्षात घ्यावा. धन्यवादित व्यक्तीचा सार्वजनिक उपासनेतील सन्मान तिच्या धर्मप्रांतापुरता (एका बिशपांच्या अखत्यारीतील प्रदेशापुरता) आणि तिच्या संघापुरता मर्यादित असतो. संतपदानंतर तो जगभरच्या ख्रिस्तसभेचा होतो. इंदूर हा त्यांचाच धर्मप्रांत असल्यामुळे 25 फेब्रुवारीला आपण त्यांचे स्मरण मोकळेपणाने करू शकतो. ही तारीख पुष्कळदा प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात, येते, तेव्हा गोडधोड करण्यापेक्षा एक वेळचे जेवण साधे ठेवून वाचलेले पैसे कर्जाने पिचलेल्या एखाद्या कुटुंबासाठी द्यावेत. त्यांच्या कार्याशी ते अधिक सुसंगत ठरेल. वर्षातून एकदा मुलांना घेऊन उदयनगरला जावे, तिथे शांतपणे बसावे आणि राखीचा प्रसंग त्यांना तिथेच सांगावा.

1 नोव्हेंबरचा सकल संतांचा सण ज्यांची नावे कोणत्याही यादीत नाहीत अशा संतांचाही आहे. तुमच्या पणजीसारखी कोणी, जिने आयुष्यभर जपमाळ सोडली नाही आणि दारी आलेल्याला उपाशी पाठवले नाही, तीही त्यांत असू शकेल. म्हणून खासगीत, मनातल्या मनात, ‘आजी, माझ्यासाठी देवाला सांग’ असे म्हणण्यात काही गैर नाही. चर्चने घोषित केलेले नसताना तिला जाहीरपणे संत म्हणणे, तिचा फोटो संतांच्या मूर्तींच्या रांगेत ठेवणे किंवा तिच्या नावाने नवस बोलणे हे मात्र टाळावे. आणि तिच्यासाठी प्रार्थना चालूच ठेवावी. ती आधीच स्वर्गात असेल तर ती प्रार्थना वाया जात नाही, दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पडते.

1 ते 8 नोव्हेंबर

2 नोव्हेंबरचा सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस अकराव्या शतकाच्या उंबरठ्यावर फ्रान्समधील क्लुनी मठाचे प्रमुख संत ओडिलो यांनी आपल्या मठांत सुरू केला आणि तेथून तो पश्चिमेकडील साऱ्या ख्रिस्तसभेत पसरला. या दिवशी प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा अर्पण करण्याची मुभा आहे. पहिल्या महायुद्धात असंख्य माणसे मरत असताना पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी 1915 मध्ये ती दिली. 2 नोव्हेंबर रविवारी आला तरी हेच स्मरण पाळले जाते, ते पुढे ढकलले जात नाही.

आता सर्वांत महत्त्वाची आणि आपल्याकडे सर्वांत कमी माहीत असलेली गोष्ट सांगतो. 1 ते 8 नोव्हेंबर या दिवसांत जो विश्वासू दफनभूमीला भक्तिभावाने भेट देतो आणि तेथे मृतांसाठी प्रार्थना करतो, मग ती मनातल्या मनात का असेना, त्याला दररोज एक पूर्ण दंडमुक्ती, म्हणजे जिला आपण इंडल्जन्स म्हणतो ती, पापांची क्षमा झाल्यावरही उरलेल्या शिक्षेतून सुटका, मिळू शकते, आणि ती केवळ शुद्धिस्थानातील आत्म्यांनाच लागू होते. येथे दफनभूमी आपल्याच नातेवाइकांची असली पाहिजे अशी अट नाही. आई वसईला विसावली असेल आणि तुम्ही नोकरीमुळे इंदूर सोडू शकत नसाल, तर इंदूरच्याच ख्रिस्ती दफनभूमीत जाऊन, कोणा अनोळखी माणसाच्या कबरीपाशी उभे राहून, आईसाठी हे सर्व तुम्ही करू शकता. रेल्वेचे आरक्षण मिळाले नाही म्हणून स्मरण राहून गेले असे म्हणण्याचे कारण उरत नाही.

याच्या अटी अशा आहेत: पापनिवेदन (धर्मगुरूंपाशी पापांची कबुली), कम्युनियन (मिस्सेतील पवित्र भाकरीचा स्वीकार), पोप महोदयांच्या हेतूंसाठी प्रार्थना, आणि कोणत्याही पापाविषयी, अगदी लहानशा पापाविषयीही, मनात ओढ नसणे. पापनिवेदन त्याच दिवशी व्हायला हवे असे नाही. साधारण 20 दिवस आधी किंवा नंतर केलेले चालते आणि एकच पापनिवेदन अनेक दिवसांसाठी पुरते. कम्युनियन आणि पोप महोदयांच्या हेतूंसाठीची प्रार्थना मात्र प्रत्येक दिवसासाठी वेगळी हवी. त्यासाठी एक ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ आणि एक ‘नमो मारिया’ म्हणणे पुरेसे आहे. पापाची ओढ नसण्याची शेवटची अट कठीण आहे. ती पूर्ण झाली नाही तरी प्रार्थना निष्फळ ठरत नाही, अंशतः दंडमुक्ती मिळतेच. 2 नोव्हेंबरला ज्यांना दफनभूमीत जाणे शक्य नसेल त्यांनी कोणत्याही चर्चमध्ये जाऊन प्रभूची प्रार्थना आणि श्रद्धांगीकार, म्हणजे आपल्या विश्वासाची कबुली, म्हणावा; वरच्याच अटींवर त्यांना हाच लाभ मिळतो. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे कबरींमधून चालू न शकणाऱ्या वृद्धांना हे आवर्जून सांगावे.

दफनभूमीत जाताना आदल्या दिवशीच जाऊन कबर झाडून घ्यावी, कारण पावसाळ्यात वाढलेले गवत नोव्हेंबरपर्यंत तसेच असते. मेणबत्त्या आणि झेंडू-शेवंतीची फुले घ्यावीत. प्लास्टिकची फुले नेऊ नयेत. परतताना मेणाचे तुकडे आणि आगपेट्या उचलून आणाव्यात, आणि ओला-सुका कचरा वेगळा करण्याची जी सवय या शहराला लागली आहे ती दफनभूमीतही पाळावी. शेजारच्या एखाद्या कबरीवर कोणीच आलेले नसेल तर तिथेही एक मेणबत्ती लावावी. प्रार्थनेसाठी स्तोत्रसंहितेतील 130 वे स्तोत्र वाचावे आणि शेवटी ‘हे प्रभू, त्यांना अनंत विश्रांती दे आणि तुझा शाश्वत प्रकाश त्यांच्यावर पडो’ असे सर्वांनी मिळून म्हणावे. मिस्सा हिंदीत झाली असली तरी कबरीपाशी मराठीत बोलावे. आजोबांशी आपण ज्या भाषेत बोललो, त्याच भाषेत त्यांच्यासाठी देवाशी बोलणे स्वाभाविक आहे.

मिस्सेचा हेतू

दिवंगतांसाठी मिस्सेहून मोठे काही नाही. मृत्यूनंतरच्या सातव्या व तिसाव्या दिवशी आणि वर्षश्राद्धाप्रमाणे दरवर्षी त्या तारखेला मिस्सा अर्पण करण्याची रीत आपल्याकडे रुजलेली आहे. धर्मग्रामाच्या, म्हणजे आपल्या स्थानिक चर्चच्या, कार्यालयात पुरेसे आधी जाऊन हेतू नोंदवावा. दिवंगताचे नाव स्पष्ट देवनागरीत लिहून द्यावे आणि त्याचा उच्चारही सांगावा, कारण आपली आडनावे इथल्या सर्वांच्या ओळखीची नसतात. हेतूबरोबर दिली जाणारी देणगी ही मिस्सेची किंमत नसते. ज्यांना काहीही देता येत नाही त्यांच्या हेतूंसाठीही मिस्सा अर्पण करावी असे चर्चचा कायदाच धर्मगुरूंना आग्रहाने सांगतो, म्हणून पैशांच्या संकोचाने कोणीही मागे राहू नये. एकाच व्यक्तीसाठी सलग 30 दिवस 30 मिस्सा अर्पण करण्याची जुनी परंपरा संत पोप पहिले ग्रेगरी यांच्या नावाने ओळखली जाते. धर्मग्रामात रोजचे हेतू आधीच ठरलेले असल्याने ती अनेकदा मठवासी धर्मगुरूंकडे सोपवावी लागते.

मिस्सा नोंदवून घरी बसू नये. नातेवाइकांनी उपस्थित राहावे, कम्युनियन घ्यावे. त्या दिवशी दानधर्म करणे हीसुद्धा दिवंगतांसाठीची प्रार्थनाच आहे असे ख्रिस्तसभा शिकवते.

घरातील जागा आणि मिश्र कुटुंबांचे प्रश्न

घरात क्रूस मध्यभागी असावा, संतांच्या प्रतिमा बाजूला असाव्यात आणि दिवंगतांचे फोटो त्याच भिंतीवर न लावता थोडे वेगळे लावावेत. फोटोला हार घालणे किंवा समोर दिवा लावणे हे आपल्या संस्कृतीतील आदराचे चिन्ह आहे. उदबत्ती, दिवा, आरती यांसारखी भारतीय चिन्हे उपासनेत वापरण्यास 1969 मध्ये रोमने मान्यताही दिलेली आहे. मात्र दिवंगताच्या फोटोला आरती ओवाळणे किंवा नैवेद्य दाखवणे यातून तो पूज्य ठरल्याचा अर्थ निघतो, म्हणून ते करू नये. मृतांशी संपर्क साधून देतो म्हणणाऱ्या कोणाकडेही जाऊ नये. दुःखात असलेल्या माणसाला हा मोह होतो हे समजण्यासारखे असले, तरी ख्रिस्तसभेने त्याला स्पष्ट मनाई केली आहे.

हिंदू नातेवाइकांच्या तेराव्याला किंवा श्राद्धाला आदराने उपस्थित राहावे, त्यांच्या दुःखात सोबत करावी, आणि विधीत स्वतः सहभागी न होता मनात आपली प्रार्थना म्हणावी. आपल्या हिंदू सासूबाईंसाठी मिस्सा अर्पण करता येते का, असे सुना संकोचाने विचारतात. होय, करता येते. धर्मगुरू जिवंत अथवा मृत अशा कोणासाठीही मिस्सा अर्पण करू शकतात, हे चर्चच्या कायद्याच्या कलम 901 मध्ये नमूद आहे, आणि मिस्सेतील चौथ्या युखरिस्ती प्रार्थनेत ज्यांची श्रद्धा केवळ देवालाच ठाऊक होती अशा सर्व मृतांचेही स्मरण केले जाते.

दहनाचा प्रश्नही येथे वारंवार येतो. ख्रिस्तसभा दफनाला प्राधान्य देते, पण 1963 पासून दहनाला परवानगी आहे, जर ते पुनरुत्थानावरील श्रद्धा नाकारण्यासाठी केलेले नसेल. 2016 च्या रोमच्या सूचनेनुसार अस्थी आणि रक्षा पाण्यात, हवेत किंवा जमिनीवर विखुरू नयेत, घरी ठेवू नयेत आणि नातेवाइकांत वाटून घेऊ नयेत. त्या दफनभूमीत किंवा चर्चने ठरवलेल्या पवित्र जागी ठेवाव्यात. इंदूरमध्ये ओंकारेश्वरला नर्मदेत अस्थिविसर्जन करण्याची प्रथा इतकी सहज आहे की मिश्र कुटुंबात हा निर्णय कोणीतरी न विचारता घेऊन टाकतो. म्हणून आपली इच्छा आधीच लेखी लिहून ठेवावी आणि जोडीदाराला व मुलांना समजावून सांगावी. अस्थी आधीच विसर्जित झालेल्या असतील तर अपराधी वाटून घेऊ नये. देवाच्या हाती सोपवलेल्या माणसासाठी मिस्सा आणि प्रार्थना तशाच करता येतात.

ज्या मृत्यूंविषयी घरात बोलले जात नाही

गर्भातच गेलेले किंवा बाप्तिस्म्यापूर्वी गेलेले बाळ अनेक मातांच्या मनात असते आणि कुटुंबाच्या प्रार्थनेत मात्र नसते. ख्रिस्तसभा अशा बालकांना देवाच्या दयेवर सोपवते आणि त्यांच्या तारणाची आशा बाळगायला सांगते; आईवडिलांची बाप्तिस्मा देण्याची इच्छा असेल तर बिशपांच्या परवानगीने त्यांचा ख्रिस्ती अंत्यविधीही होऊ शकतो. त्या बाळाला नाव द्यावे आणि 2 नोव्हेंबरच्या यादीत ते लिहावे. ज्यांनी स्वतःचे जीवन संपवले त्यांच्यासाठीही ख्रिस्तसभा प्रार्थना करते. त्यांच्या तारणाविषयी निराश होऊ नये, असे तिच्या धर्मशिक्षणात स्पष्टपणे म्हटले आहे. लाजेपोटी त्यांचे नाव वगळले जाते, आणि खरे तर त्यांनाच आपल्या प्रार्थनेची सर्वाधिक गरज असते.

नोंदवही

या सर्वांसाठी एक साधी वही ठेवावी. त्यात प्रत्येक दिवंगताचे पूर्ण नाव, बाप्तिस्म्याचे नाव, मृत्यूची तारीख, कोणत्या धर्मग्रामात दफन झाले आणि कबरीचा क्रमांक असल्यास तो, अशी नोंद असावी. अनेक ठिकाणी जागेअभावी काही वर्षांनी कबर पुन्हा वापरली जाते आणि अस्थी दुसरीकडे हलवल्या जातात, म्हणून त्या धर्मग्रामाशी अधूनमधून संपर्क ठेवावा व बदल लिहून घ्यावा. गावाकडच्या काका-आत्यांना फोन करून जितकी नावे मिळतील तितकी आत्ताच मिळवावीत. हे काम पुढे ढकलले की सांगणारेच राहत नाहीत. नोव्हेंबरच्या सुरुवातीला चर्चमध्ये दिवंगतांच्या नावांच्या चिठ्ठ्या स्वीकारल्या जात असतील, तर याच वहीवरून नावे उतरवून द्यावीत. ज्यांची तारीख किंवा पूर्ण नाव कोणालाच आठवत नाही त्यांना ‘पणजोबांचे भाऊ, लहानपणी वारले’ असे लिहूनही यादीत घ्यावे.